कंटेनर, ठसा आणि टीपी

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हाती पडणारं नाव आणि त्याची किंमत. १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासूनची ही सोय गुपितं राखण्यासाठी नव्हती. पुढे २०११ साली हिरोकू या क्लाउड कंपनीच्या ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’मध्ये सगळी सेटिंग्ज, पासवर्डसकट, कोडबाहेर याच जागी ठेवायला सांगितली. २०१३मध्ये प्रोग्राम कंटेनरमध्ये बंद करून चालवणारं डॉकर आलं आणि सल्ल्यातला ‘कोडबाहेर’ हा भाग बरेच जण विसरले.

ही चूक समजायला लाकडाचा दाखला घेऊ. लकडगंज ही नागपूरची लाकडाची पेठ. इथल्या सागाच्या ओंडक्यावरचा हातोडीचा ठसा कुणालाही दिसावा म्हणूनच असतो. वाहतुकीचा परवाना, म्हणजे टीपी, ड्रायव्हरजवळ वेगळा असतो. कंटेनरचा साचा, म्हणजे इमेज, ज्यावरून बनते त्या डॉकरफाइलमध्ये ‘ईएनव्ही’ लिहून पासवर्ड टाकणारा टीपीच ओंडक्यावर ठोकतो. इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला ‘डॉकर हिस्ट्री’ तो वाचून दाखवते. पुढच्या लेयरमध्ये पुसला तरी खालच्या लेयरमध्ये राहतोच. रंधा मारून जाणारा हा ठसा नव्हे.

कंटेनर चालवताना पासवर्ड दिला तर इमेज स्वच्छ राहते, एवढंच. ‘डॉकर इन्स्पेक्ट’ तो उघड दाखवतं, कंटेनरच्या पोटातल्या प्रत्येक प्रोसेसला तो वारशाने मिळतो आणि एखादा प्रोग्राम कोसळताना सगळं एन्व्हायर्नमेंट लॉगमध्ये ओकून मगच प्राण सोडतो. पासवर्ड ठेवलेली ‘डॉट ईएनव्ही’ फाइल गिटइग्नोरमध्ये टाकून निर्धास्त झालेल्यांनी डॉकरइग्नोरही पाहावी. डॉकरफाइलमधल्या ‘कॉपी’ला लाज नसते, दिसेल ते उचलते. कंटेनरांचा ताफा सांभाळणारं कुबरनेटीस तर बेस६४मध्ये गुंडाळलेल्या मजकुराला गंभीर चेहऱ्याने ‘सीक्रेट’ म्हणतं. एका आज्ञेत तो उलगडतो.

डॉकर कंपोजच्या फाइलीत पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, नाहीतर पुढची अक्षरं व्हेरिएबलचं नाव ठरतात. रुपयाच्या चिन्हाने अजून कुणाला असा त्रास दिलेला नाही. व्हेरिएबलची किंमत दिलीच नाही तर कंपोज इशारा देऊन रिकामी जागा भरतं आणि पुढे जातं. इशारे कोण वाचतो? महिरपी कंसात नावानंतर अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह लिहिलं की कंपोज अडून बसतं.

खरी टीपी म्हणजे फाइल. डॉकरचं सीक्रेट कंटेनरच्या आत ‘रन’मधल्या ‘सीक्रेट्स’ फोल्डरात दिसतं. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजला पासवर्डऐवजी त्या फाइलचा पत्ता दिला तरी चालतं. मात्र साध्या कंपोजमध्ये ती होस्टवरचीच फाइल असते, तेव्हा तिथल्या परवानग्या तपासाव्यात.