चारही लावलेत ना!

कायद्याच्या कचाट्यातून सुटायला वकील लागतो, हा जुना समज. बटण लागतं. गाडीच्या डॅशबोर्डवर असतं, लाल त्रिकोणाचं. ते दाबलं की चारही कोपऱ्यांतले दिवे टिकटिकू लागतात आणि त्या क्षणापासून गाडी रस्त्यात उभी आहे, असं कोणाला म्हणता येत नाही. ती फक्त टिकटिकते आहे.

परवा गोंदिया जिल्ह्यातल्या मासुलकसा घाटात अशीच एक टिकटिकत होती. ऐन वळणावर. डोंगरगडला बम्लेश्वरीचं दर्शन घेऊन परतणारं कुटुंब. वहिनी माकडांना प्रसादातलं नारळ वाटताहेत, पोरगा रस्त्याच्या कडेला पाठ करून उभा, आजी आतून ‘काच वर करा रे’ म्हणून ओरडते आहे आणि साहेब पांढऱ्या पट्टीवर उभे राहून मोबाइल आडवा धरून मागे मागे सरकताहेत, कारण फ्रेममध्ये डोंगर मावत नाही. मागे छत्तीसगडहून लोखंड लादून आलेला ट्रेलर करकचून थांबलेला, त्याच्या मागे धानाचा ट्रक, त्याच्या मागे बस. ट्रेलरचा क्लीनर उतरला. ‘काहून मधातच उभी केली जी भाऊ?’ साहेबांनी मोबाइलवरची नजर न काढता उत्तर दिलं, ‘चारही लावलेत ना!’

आता आमचा घाट तो केवढा! खंबाटकी-कसाऱ्यात वाढलेले पाहुणे ‘घाट कधी लागेल हो?’ असं विचारतात, तेव्हा तो मागे पडलेला असतो. शाळेच्या पुस्तकात घाट म्हणजे सह्याद्री. आमच्या डोंगरांची कविता कोणी पाठ करून घेतली नाही. त्याचं दुःख आहेच. पण निदान इथं तरी कोणी थांबत नव्हतं, हे सुख होतं. मोबाइलनं तेही नेलं.

नियम आहेत. 1989 च्या वाहतूक नियमांत गाडी कुठं उभी करू नये याची यादीच दिली होती : वळण, टेकडीचा माथा, कमानदार पूल वगैरे. 2017 मध्ये नियम नव्यानं लिहिले गेले, वळण काही मोकळं झालं नाही. ‘चारही दिवे लावले असल्यास हरकत नाही’ अशी तळटीप मी दोन्हीकडे शोधली. छापायची राहिली असावी.

पण तळटिपेवाचून कोणाचं अडतंय? लग्नाच्या हॉलसमोर दोन रांगांत गाड्या : चारही लावलेत. दवाखान्याच्या फाटकात, रुग्णवाहिका आत जायची तिथंच : पाचच मिनिटं हो, चारही लावलेत. धुकं पडलं, लावा. पाऊस आला, लावा. चौकातून सरळ जायचंय? डावा नाही, उजवा नाही, म्हणजे दोन्ही, म्हणजे चारही! बंद पडलेल्या गाडीसाठी बनवलेले हे दिवे आता धडधाकट गाड्यांचं शील राखताहेत. ही सोय फक्त चारचाकीवाल्यांना का, एवढाच माझा प्रश्न आहे. माणसालाही चार दिवे बसवून द्या. उसने पैसे बुडवणारा टिकटिकत समोरून जाईल, आपण समजून घेऊ. कंत्राटदार उद्घाटनाच्या आधीच उखडलेल्या रस्त्यावर टिकटिकत उभा राहील. जावई दिवाळीला येऊन होळीपर्यंत टिकटिकेल. पुढारी तर जन्मतःच दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून येतात, त्यांना वेगळा खर्च नाही.

हसा. पण त्या ट्रेलरवाल्याला विचारा. उतारावर, मागे टनावारी लोखंड घेऊन, वळण संपताच समोर उभी गाडी दिसते, तेव्हा त्याच्याकडे कोणतं बटण असतं? त्यानं ठोकलं तर गर्दी त्यालाच बदडणार, कारण तो मोठा आणि साहेब टिकटिकत होते! आणि हा काय नुसता रस्ता आहे? वर नागझिरा, खाली नवेगाव. 2013 मध्ये दोन्ही मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याच्या मधातून हा हजिरा ते पारादीप महामार्ग जातो. 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी मुद्दाम आणून नागझिऱ्यात सोडल्या, त्या काय एका बाजूलाच बसून राहायला? जनावरांना हा रस्ता जीव मुठीत धरून ओलांडावा लागतो. त्याच रस्त्याच्या कडेला वहिनी माकडांना नारळ खायला बोलावतात. उद्या तेच माकड खाऊच्या आशेनं पुढच्या गाडीखाली जाईल, तेव्हा प्रसादाचं पुण्य कोणाच्या खात्यात जमा करायचं? अरे, देवरीला थांबा, कोहमाऱ्याला थांबा, चहा प्या, भजी खा, पोराला तिथं मोकळं करा! वळणच कशाला पाहिजे?

शेवटी फोटो झाला. साहेब बसले, आजीची काच वर गेली, गाडी निघाली. दिवे तसेच टिकटिकत. कोहमाऱ्याच्या चौकापर्यंत ट्रेलरवाला बिचारा अंदाज घेत मागे : हा थांबतो, की वळतो, की सरळ जातो? साहेब काहीही न सुचवता उजवीकडे गोंदियाच्या रस्त्याला लागले. इंडिकेटर द्यायला शिल्लक होता कुठला?