फाटकवाले भाऊ

कुंपण घालावं ते ज्याला 'नाही' म्हणता येतं त्यानं. भाऊंना उभ्या जन्मात ते जमलेलं नाही. मुंबईची नोकरी संपवून ते रत्नागिरीकडच्या आपल्या घरी राहायला आले, जुना गडगा जागोजाग ढासळलेला पाहिला आणि खळ्यात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "आता चौफेर चिऱ्याची भिंत. फाटक एकच, दहा फुटी. आंब्याचा टेम्पो आत आला की झालं. बाकी माशी शिरणार नाही!"

चिऱ्यांचा दुसरा थर बसतोय तोच शेजारच्या काकू कळशी घेऊन हजर. "भाऊ, विहिरीवर आता आम्ही रस्त्यानं फिरून यायचं होय?" झालं. तीन फुटी फाटक. मग पाडेली म्हणाला, नारळ एवढ्या लांबून वाहायचे तर मजुरी परवडायची नाही. आणखी एक. वरच्या वाडीतले नाना तर काही मागतसुद्धा नाहीत. ते बांधावर बसले, तंबाखू मळली आणि नुसतं "वहिवाट" एवढंच म्हणाले. कोकणात या शब्दानं भल्याभल्यांना घाम फुटतो. भाऊंनी रातोरात १८८२ चा सुविधाधिकार कायदा वाचून काढला. वीस वर्षं बिनहरकत वापरलेल्या वाटेवर हक्क लागतो, हे कळल्यावर त्यांना झोप येईना. नाना त्या वाटेनं शाळेत जायचे.

सकाळी गवंड्याला निरोप गेला.

गवंड्याचं दुःख वेगळंच. फाटकाचे खांब आधी खोल रोवून पक्के करायचे आणि मग भिंत त्यांना आणून भिडवायची, हा त्याचा धर्म. इथं रोज बांधलेली भिंत फोडून खांब उभे राहत होते. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, फाटकं आधी संपू देत. उरलेल्या जागेत भिंत घालतो." त्यातच गावकऱ्यांनी आठवण करून दिली की शिमग्यात पालखी घरोघर येते, आणि ती नाचवत आणायची तर तीन फुटांत मावणार कशी? देवाला कोण नाही म्हणणार? ते फाटक टेम्पोच्याही फाटकाहून रुंद झालं. अर्ज न करता आत आली ती फक्त माकडं.

या खटाटोपात भाऊ तज्ज्ञ मात्र झाले. चढावर फाटक उताराच्या बाजूला उघडायला हवं, नाहीतर जमिनीला घासतं. लाकडी फाटकाची तिरपी पट्टी खालच्या बिजागरीकडून वर कडीकडे चढती हवी, नाहीतर चार पावसाळ्यांत फाटक मान टाकतं. हे ते चहासोबत कुणालाही ऐकवतात. ऐकवू देत, चहा चांगला असतो.

पुढे त्यांनी कुलपंही आणली. ज्याचं फाटक त्याला चावी, हा न्याय. टेम्पोच्या फाटकाची टेम्पोवाल्याला, पालखीच्या फाटकाची गुरवाला. स्वतःसाठी एक ठेवावी हे काही सुचलं नाही. परवा बाजारातून आलेले भाऊ आपल्याच घराबाहेर पिशवी घेऊन उभे होते आणि काकूंना हाका मारत होते.

हल्ली टेम्पोचं फाटक दिवसभर सताड उघडं असतं, कारण भाऊ त्यातच उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतात. गावची गुरंही तिथूनच आत जातात.