विशेष बाब म्हणून मंजूर

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी, बहुधा पहिल्याच, भर दुपारी तो तुम्हाला कुठल्यातरी कॉलेजच्या फाटकाबाहेर दिसेल. दीड वाजता फाटक बंद झालेलं असतं, आत पोरं गेलेली असतात आणि बाहेर कडुलिंबाच्या तुटपुंज्या सावलीत हा उभा असतो. एका हातात मुलीचे बूट, कारण बूट आत चालत नाहीत. दुसऱ्या हातात रुमाल, त्यात तिच्या कानातलं बांधलेलं. पेपर मुलीचा असतो, पण हा त्याला 'आमचा पेपर' म्हणतो. "आमचं ऑर्गॅनिक पक्कं आहे हो, फिजिक्स मात्र आम्हाला जड जातं." स्वतः बी.कॉम. असतो.

हा नीटपालक. गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्रात वाढलेली ही जात. त्याआधी पालक नव्हते असं नाही, पण बारावीचे मार्क आणि नंतर राज्याची सीईटी एवढ्यावर त्यांचं भागायचं. २०१३ मध्ये डॉक्टरीच्या प्रवेशाची नीट परीक्षा आली, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात रद्द झाली, २०१६ मध्ये परत आली, आणि ती परत आली तेव्हा बापाच्या मानगुटीवर बसूनच आली.

आमच्या बार्शीच्या बँकेत कर्ज विभागाला एक साहेब आहेत. नाव नको, गाव लहान आहे. कर्जाच्या बाबतीत या माणसाने तालुक्याला धाक लावलेला. एका शेतकऱ्याने म्हशीसाठी ऐंशी हजार मागितले, तर साहेब पहाटे पाचला त्याच्या गोठ्यात हजर! म्हैस सांगोल्याच्या बाजारातली, दुसऱ्या वेताची. साहेबांनी तिचे दात पाहिले. सकाळ-संध्याकाळ दोन्ही धारा स्वतः उभं राहून मापून घेतल्या. कानातला विम्याचा बिल्ला वाचून नंबर लिहून घेतला. दोन जामीनदार घेतले आणि त्यातला एक बदलायला लावला, कारण तो 'जास्त हसतो'. सव्वा महिन्याने कर्ज मंजूर झालं. तोवर म्हशीची आणि साहेबांची चांगली ओळख झाली होती.

तर या साहेबांच्या मुलीला दहावीला ९४ टक्के पडले.

पेढे वाटून झाले त्याच दुपारी साहेबांनी ड्रॉवरमधून एक प्लॅस्टिकचा फोल्डर काढला. आठवड्याभरात तो फुगला. लातूर, नांदेड, पुणे, कोटा असे चार कप्पे. प्रत्येकात माहितीपत्रकं, फीचे तक्ते, हॉस्टेलचे फोटो. लंच टाइममध्ये डबा बाजूला ठेवून आम्हाला सांगायचे, "७२० मार्क, १८० प्रश्न. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. बायोलॉजी ३६०, म्हणजे अर्धा पेपर. म्हणजे बघा..." आम्ही बघायचो. कॅश काउंटरवरचा पोऱ्या सुद्धा महिन्याभरात कटऑफवर बोलायला लागला.

कोट्याचा कप्पा लवकर बंद झाला. "लांब आहे, पोरगी एकटी," हे साहेबांचं अधिकृत कारण. खरं कारण असं की साडूचा मुलगा आधीच कोट्याला होता, आणि साडूच्या मागे जायचं म्हणजे काय! पण याच साडूमुळे काहीच न करणंही शक्य नव्हतं. नीटपालकाच्या निर्णयात साडूचा वाटा किती, यावर कोणीतरी अभ्यास करायला हवा.

शेवटी लातूर. आमच्याकडून येडशी, मुरूड करत एसटीने जाता येतं, रविवारी डबा घेऊन जाता येतं. शिवाय तिथल्या शिकवणीचा 'लातूर पॅटर्न' म्हटलं की आमच्या भागात देवाचं नाव घेतल्यासारखा आवाज खाली येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाण्याची गाडी यायची आणि पोरं क्लासला जायची. त्या गावाला शिकवायला कोण जाणार?

साहेब चौकशीला निघाले तेव्हा मला बरोबर घेतलं. 'तुम्ही तटस्थ आहात,' म्हणाले. मला मूलबाळ नाही, असा त्याचा अर्थ.

ट्यूशन एरियात शिरलं की आधी फ्लेक्स दिसतात, मग आकाश. एकाच फ्लेक्सवर तीन-तीनशे पासपोर्ट फोटो, प्रत्येकाखाली मार्क. साहेबांची बँकेतली नजर जागी झाली. एका फ्लेक्सवरची दुसऱ्या ओळीतली चष्मेवाली मुलगी समोरच्या क्लासच्या फ्लेक्सवरही होती, त्याच चष्म्यासकट. आत विचारलं तर कळलं, शिकायला इथे होती, टेस्ट सिरीज तिथे लावली होती. दोघांचाही दावा खरा! आता केंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरात नियम केलाय, की जाहिरातीत फोटो छापायचा तर मुलाने कोणता कोर्स किती काळ केला तेही छापायचं. पण फ्लेक्सवर फोटोच इतके, की अक्षराला जागा कुठून आणणार?

काउन्सेलर म्हणून एक तरतरीत मुलगा बसला होता. साहेबांनी कर्जदाराला विचारतात तसा प्रश्न टाकला. "यंदा तुमच्याकडून किती मुलं लागली ते बाहेर लिहिलंय. बसली किती होती?"

"सर, चहा घेणार की कॉफी?"

"बसली किती?"

"सर, तुम्ही आकड्यांत नका अडकू. वातावरण बघा."

मला हे उत्तर फार आवडलं. साहेबांनी मला हळूच सांगितलं, "अंश आहे, छेद नाही. असलं प्रपोजल मी दारातून परत पाठवतो." मग त्यांनी फोल्डरमधून वर्तमानपत्राचं लॅमिनेट केलेलं कात्रण काढलं. जानेवारी २०२४ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं: मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत, यशाची हमी द्यायची नाही, सोळा वर्षांखालच्या मुलांना घ्यायचं नाही. पोराने ते आदराने वाचलं आणि म्हणाला, "सर, आपल्याकडून सोडून कुणी जातच नाही." त्याच्या डोक्यामागे आठवीच्या फाउंडेशन बॅचचं पोस्टर होतं.

मग आकडे आले. फी चार लाख. पण मुलीने स्कॉलरशिप टेस्ट दिली होती, त्यात तिला चाळीस टक्के सवलत. (टेस्ट दिलेल्या प्रत्येकालाच काही ना काही मिळतं. न मिळालेला पालक मला अजून भेटायचाय.) म्हणजे २ लाख ४० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४३,२००. हॉस्टेल आणि मेस महिना आठ हजार, चोवीस महिने, १ लाख ९२ हजार. एकूण ४ लाख ७५ हजार २००. सवलत शनिवारपर्यंतच. आम्ही गेलो तो गुरुवार होता.

"आणि वातावरण?" मी विचारलं.

ते दाखवायला नेलं. जिन्यात अंगठा लावायचं यंत्र, पुढे लांब बोळ, बोळात पाठीची दप्तरं पोटावर घेऊन उभी असलेली शंभरेक पोरं. कुणी बोलत नव्हतं. एवढी शांतता मी फक्त एकदा अनुभवली आहे, बँकेत रिझर्व्ह बँकेची तपासणी आली होती तेव्हा. साहेब मात्र हलले. 'हे वातावरण' म्हणाले आणि गप्प झाले.

त्या रात्री त्यांनी एक काम केलं, ते मला दुसऱ्या दिवशी दाखवलं. बँकेच्या कोऱ्या कर्जप्रस्तावावर त्यांनी मुलीचं प्रकरण भरलं होतं. उद्देश: एम.बी.बी.एस. तारण: काही नाही. जोखीम: २०२४ ला देशभरातून २४ लाखांवर अर्ज, जागा लाख-सव्वा लाखाच्या घरात, त्यात सरकारी निम्म्याच्या आसपास. पर्यायी खर्च: बायोलॉजीची एनसीईआरटीची दोन पुस्तकं, दोन्ही मिळून पाचशेच्या आत. परतफेड सुरू होण्याचा काळ: दोन वर्षं क्लास, साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, पुढचं पुढे. खाली लाल शाईत शेरा: 'नामंजूर'. सही, तारीख.

"मग?" मी म्हटलं.

त्यांनी कागद उलटा केला. मागे निळ्या शाईत लिहिलं होतं: 'विशेष बाब म्हणून मंजूर.'

"रात्री ही म्हणाली," साहेब सांगू लागले, "उद्या पोरगी म्हणायला नको, की बाबांनी पैसे वाचवले. मी म्हटलं, अगं, पण छेदच सांगत नाहीत. तर म्हणाली, तुमच्या साडूंनी विचारला होता का छेद?"

यावर बँकिंग शास्त्रात उत्तर नाही.

माझं मत त्यांनी विचारलं नव्हतं, तरी इथे सांगून टाकतो. फिजिक्सला मास्तर लागतो, बायोलॉजीला बूड लागतं. रोज पेपर सोडवून घेणारा, चुकलेलं गणित दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर ठेवणारा कोणी असेल तर त्याला पैसे द्यावेत, माझी ना नाही. पण पावणेपाच लाखांत साहेबांनी जे विकत घेतलं, त्यातला बराचसा भाग शिकवणी नव्हता. उद्या कुणी बोट दाखवू नये, याचा तो विमा होता. म्हशीचा विमा बराच स्वस्त पडला होता.

शनिवारी पहिला हप्ता भरला, बाकीचे पुढच्या तारखांचे चेक. पावती फोल्डरात गेली. परतीच्या एसटीत मुलगी खिडकीशी बसली होती. मुरूड गेल्यावर साहेबांना काहीतरी आठवलं. इतक्या आठवड्यांत हा प्रश्न कुठल्याच कप्प्यात नव्हता. ते पुढे वाकून म्हणाले, "बाळा, तुला डॉक्टर व्हायचंच आहे ना?"

ती बाहेर बघत म्हणाली, "बाबा, आता फी भरली ना."

आता दीड वर्ष झालं. साहेब दर रविवारी डबा घेऊन लातूरला जातात, सोमवारी आम्हाला 'आमच्या' मॉकचे मार्क सांगतात. फोल्डर त्यांनी टाकलेला नाही. यंदा दहावीला मुलं असलेले तीन पालक तो बघायला येऊन गेले. साहेबांनी तिघांनाही गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "आकड्यांत अडकू नका. वातावरण बघा."

म्हशीचं कर्ज परवा फिटलं, मुदत सहा महिने बाकी असताना. बेबाकी दाखल्यावर साहेबांनीच सही केली.