लाल पेन कुणावर चालवायचं?

इंग्रजी व्याकरणाची चूक दिसली की ज्यांचं डोकं उठतं, त्या मंडळींशी माझं वैर नाही. भाषा नीट लिहावी, हे मलाही मनापासून वाटतं. पण यातल्या बऱ्याच जणांना आपण कुणाचं जुनं भांडण पुढे चालवतोय, याचा पत्ताच नसतो.

ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांत झटपट काउंटरवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. नियम असा, की मोजता येतं त्याला 'फ्यूअर' आणि मोजता येत नाही त्याला 'लेस'. म्हणजे पाटी चूक. त्यावर इतकी टीका झाली, की २००८ मध्ये टेस्कोने 'अप टू टेन आयटम्स' अशा नव्या पाट्या लावायचं ठरवलं. आता या नियमाची जन्मकुंडली बघा. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने आपल्या पुस्तकात म्हटलं, की अशा जागी 'फ्यूअर' अधिक बरं वाटतं. ही त्याची आवड होती. त्याआधी शेकडो वर्षं, पार आल्फ्रेड राजाच्या काळापासून, इंग्रज माणूस मोजता येणाऱ्या वस्तूंनाही 'लेस'च लावत आला होता. नंतरच्या व्याकरणकारांनी बेकरची आवड उचलली, पाठ्यपुस्तकांनी तिचा कायदा केला, आणि आज त्या कायद्याच्या जोरावर दुकानातल्या पाटीकडे बघून कपाळाला आठ्या पडतात.

वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये, या नियमाची कथाही तीच. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडनने बेन जॉन्सनच्या एका वाक्यात हा दोष काढला. जॉन्सनला जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. पुढे ड्रायडनने स्वतःच्या जुन्या लेखनातली वाक्यंही त्याच हट्टापायी फिरवून घेतली. शाळेत हे कुणी सांगत नाही. नियम तेवढा पाठ करून घेतात.

चूक दिसल्यावर माणूस काय करतो, यावरून त्याला भाषा प्रिय आहे की स्वतःचा मोठेपणा, हे कळतं. अमेरिकेत २००८ मध्ये दोन तरुण देशभर फिरून पाट्या सुधारत होते. ग्रँड कॅन्यनच्या एका मनोऱ्यावर वास्तुकार मेरी कोल्टर यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला फलक होता. या दोघांनी त्यावर विरामचिन्हं 'दुरुस्त' केली. प्रकरण कोर्टात गेलं आणि फलक पूर्ववत करण्यापोटी त्यांना ३,०३५ डॉलर भरावे लागले. एक जुना, हाती रंगवलेला फलक एका अपॉस्ट्रॉफीसाठी खराब करणं ही भाषेची सेवा नव्हे, हा आडदांडपणा आहे.

याउलट इंग्लंडमधल्या बॉस्टन गावचे जॉन रिचर्ड्स. निवृत्त पत्रकार. २००१ मध्ये त्यांनी अपॉस्ट्रॉफी वाचवायला चक्क एक संस्था काढली. दुकानदाराच्या पाटीवर चूक दिसली, की हे गृहस्थ त्याला नियम समजावून सांगणारं सभ्य पत्र द्यायचे. २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, आळस आणि अज्ञान जिंकलं असं जाहीर करून त्यांनी संस्था बंद केली. मला या माणसाबद्दल आदर आहे. त्यांनी चूक दाखवली, पण चुकणाऱ्याची अब्रू काढली नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. बार्शीची, लातूरची मुलगी मराठी माध्यमातून शिकून पुण्यात मुलाखतीला बसते आणि म्हणते, 'आय अ‍ॅम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स.' टेबलापलीकडचे तिघे एकमेकांकडे बघून ओठातल्या ओठात हसतात. तिला दोन वर्षांचा अनुभव आहे, हे तिघांनाही पहिल्या झटक्यात कळलेलं असतं. तरी पुढचे प्रश्न आवरते घेतले जातात, कारण 'कम्युनिकेशन वीक आहे'. काय वीक आहे? निरोप तर पोचला! 'हॅव'ला तिथे 'आयएनजी' लागत नाही, हे तिला कामावर रुजू झाल्यावर आठवड्यात सांगता येईल. हसणारे बहुतेक रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरण घोकून मोठे झालेले. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी करून गेले. साहेब गेला, इलाखा गेला, पण साहेबाच्या नजरेने आपल्याच पोरांकडे बघायची खोड काही गेली नाही. मला चीड येते ती या हसण्याची.

आणि जिथे चूक खरोखर भोवते, तिथे ही मंडळी दिसत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी आहे. ओव्हरटाइम कुणाला मिळणार नाही, हे सांगणाऱ्या राज्याच्या कायद्यात कामांची यादी होती, आणि यादीच्या शेपटाला 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. मग पाठवण्यासाठी किंवा वाटपासाठी माल बांधणं हे एकच काम, की माल बांधणं वेगळं आणि वाटणं वेगळं? दुधाच्या गाड्या चालवणारे म्हणाले, आम्ही बांधत नाही, नुसतं पोचवतो, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. मार्च २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांचा मुद्दा धरला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. राज्याच्या विधिमंडळाने ते कलम पुन्हा लिहिलं. स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम आले, 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' झालं.

आपल्याकडची नियुक्तिपत्रं, बाँडच्या अटी, विम्याच्या पॉलिसी, घरकर्जाचे करार याच नजरेने कुणी वाचायला घेणार असेल, तर लाल पेन घेऊन त्याच्या शेजारी बसायला मी आजपासून तयार आहे.