रिकिबीतले ७ मिलिमीटर

ब्रिटनमधला ‘पोनी क्लब’ १९२९ सालचा. पोरांनी घोड्यावर बसावं म्हणून निघालेला. आता आधी नियमावलीला बसावं लागतं. हेल्मेट प्रमाणित हवं, शिवाय ते तपासल्याचा टॅग त्यावर हवा. बुटाला टाच हवी. आणि रिकिबीत पाय घातला की बुटाच्या दोन्ही अंगांना ७-७ मिलिमीटर जागा सुटायला हवी. पडताना पाय अडकून पोर फरफटू नये, हा हेतू रास्तच. यावर हसू नये. हसावं ते पालकांच्या खिशाकडे बघून. पोराचा पाय वाढला की बूट नवा, बूट नवा की रिकीबही नवी.

घोड्याचा नाकपट्टा किती आवळायचा, याचं मात्र वर्षानुवर्षं ‘दोन बोटं मावली पाहिजेत’ एवढ्यावर भागलं. बोटं कुणाची? दहा वर्षांच्या चिमुरडीची की धिप्पाड पंचांची? अखेर २०२५ साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने मोजायचं साधनच आणलं. म्हणजे इतकी वर्षं सगळा कारभार बोटांवर! घोड्याला विचारायची सोय नव्हती. त्याच्या तोंडात लगामाचं लोखंड होतं, तेही अर्थात नियमात बसणारं.