नॉमिनी कोण?

"अगं ए, कुकर लावलास ना? मग ये अशी भिंतीशी. बँकेत आज कोण भेटलं, सांग!"

सहकारनगरातल्या आमच्या दोन बंगल्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. जास्वंदीची फांदी बाजूला सारून काकू तिथे उभ्या राहिल्या, की बातमी ताजी आहे असं समजावं.

"कोण?"

"मास्तरांचा धाकटा! हयातीचा दाखला द्यायला गेले होते मी. तर पुढच्याच खुर्चीवर हा. कानाशी केस पिकलेत की गं. आणि शेजारी तो."

"तो म्हणजे..."

"तोच! ज्याच्यावरून मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं होतं. आपण आपलं 'रूम पार्टनर, रूम पार्टनर' म्हणत आलो. चाळिशी उलटल्यावर कसला रूम पार्टनर!"

मी नळ बंद केला. हे नीट ऐकायला हवं होतं.

"मुदत ठेवीवरचं नाव बदलायला आला होता. काउंटरवरची पोर जेमतेम पंचविशीची. 'नॉमिनी कोण?' तर म्हणाला, 'हे.' 'नातं?' मी कान टवकारले. तो म्हणाला, 'जोडीदार.'"

"मग?"

"मला वाटलं, आता ही पेन खाली ठेवणार, साहेबाला बोलावणार. कसलं काय! लिहिलं आणि म्हणाली, 'सर, ह्यांच्या आधारची झेरॉक्स राहिलीय.' संपलं! मागचे आजोबा तेवढे करवादत होते, पण ते रांग सरकत नाही म्हणून."

"अहो, ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानंच खुलासा केलाय. समलिंगी जोडीदारांना जॉइंट खातं काढायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. रेशन कार्डासाठीही त्यांना एकाच घरातले धरा, असं केंद्रानं राज्यांना कळवलंय."

"रेशन कार्डावर? मग आणखी काय हवं! आपल्याकडे लग्नाच्या दाखल्यापेक्षा रेशन कार्ड मोठं."

"लग्नाचंच अडलंय ना. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमाच्या कचाट्यातून सोडवलं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. ते काम संसदेचं म्हणे."

"म्हणजे संसार चालेल, लग्न नाही. आमच्या वेळी उलटं होतं. लग्न लावून द्यायचे, संसाराचं कोणी विचारत नसे. 'लग्न झालं की येईल ताळ्यावर' म्हणायचे आणि दोन आयुष्यांची माती करायचे. मास्तरांनी साताऱ्याचं स्थळ आणलं होतं, आठवतं? त्यानं ठाम नाही म्हटलं. त्या मुलीवर उपकारच केले."

"तुम्हाला तेव्हा कळलं होतं सगळं?"

"न कळायला काय झालं? पण बोलायचं नसे. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' नाटक आलं १९८१ साली. आम्ही दोघं पाहून आलो. रिक्षात घरापर्यंत बोललो ते फक्त रोहिणी हट्टंगडीच्या कामाबद्दल. विषयाला हात लावला नाही. आणि आता तो 'साबर बोंडं' सिनेमा! नातीनंच नेलं मला. त्याला तिकडे सनडान्सला २०२५ साली मोठं बक्षीस मिळालंय म्हणे. गावाकडची गोष्ट, दोन पोरांची गं. पण आई काय समजूतदार दाखवलीय!"

"ते राहू द्या. बँकेत बोललात का त्यांच्याशी?"

"न बोलता येते की काय! वाकडला राहतात. भाडं ऐकून मला गरगरलं. वर पाणी टँकरचं! घर शोधताना 'बॅचलर नकोत' म्हणून चार ठिकाणी नकार मिळाला. आता सोसायटीचा हिशेब ह्यालाच ठेवायला लावलाय. आणि भांडतात कशावरून, माहितीय? एक एसी अठरावर करतो, दुसरा उठून पंचवीसवर."

"म्हणजे कुजबुजावं असं काहीच नाही की हो."

"तेच तर! चप्पलसुद्धा न काढता तुला सांगायला आले, आणि निघालं काय, तर टँकरचं पाणी. काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला बोलावलंय दोघांना. म्हटलं, जोडीनं यायचं, आहेर आणायचा नाही."

"अहो, पण मास्तरही येणार ना?"

"येऊ देत की. बुफे आहे. नको वाटलं तर ताट घेऊन लांब उभं राहावं."

"आणि माई? आई आहेत त्याच्या."

काकूंनी दोन्ही बाजूंना पाहिलं. पहिल्यांदाच आवाज खाली आला.

"त्याच्या पिशवीत भाजणीचा डबा होता. माईंचा. झाकणावर नाव घातलंय, मी वाचलं. मास्तरांना पत्ता नसणार. बाकी कुणालाही काही सांग गं, डब्याचं तेवढं बोलू नकोस."