गोड्या पाण्यातला नाखवा

होडीत गालिचा अंथरणारी माणसं या जगात आहेत, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर होडी म्हणजे हर्णैच्या किनाऱ्यावर पाहिलेली. खाली ओली फळी, पायाशी वीतभर पाणी, ते डब्यानं उपसणारा एक पोरगा आणि सगळ्यावर मासळीचा वास. त्यात कुणी गालिचा घातला असता तर कोळणींनी त्याला गावात राहू दिलं नसतं.

मे महिन्यात ताईकडे मिनेसोटाला उतरलो, तर गॅरेजसमोर ट्रेलरवर वीस फुटी पाँटून बोट उभी होती आणि तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गालिचा होता. म्हणजे, असणार. मी पोचलो तेव्हा भावोजी तो गुडघ्यावर बसून उपटत होते.

“बंडू, बॅग ठेव आणि हे टोक धर,” एवढंच त्यांनी स्वागत केलं.

भावोजींचा जन्म सदाशिव पेठेतला. तिथे असेपर्यंत त्यांनी फ्यूज बदललेला कुणी पाहिला नव्हता. वाड्यात दिवे गेले की ते खिडकीतून वायरमनची वाट पाहत आणि तो येईपर्यंत वीज मंडळाच्या कारभारावर बोलत. पाण्याशी संबंध दोनच प्रकारचा. सकाळी नळ आला की बादल्या भरणं, आणि लहानपणी टिळक टँकवर पाठीला डबा बांधून पोहायला शिकणं. पण या दुसऱ्या गोष्टीत पुढच्या आयुष्याचं बीज होतं, असं ते आता म्हणतात. कारण पाँटून बोट म्हणजे दुसरं काय? पाठीला बांधायचा डबाच, फक्त दोन, आणि लांबलचक. ही बोट शोधली ती मिनेसोटातल्याच एका शेतकऱ्यानं. रिचमंड गावच्या अँब्रोज वीरेस यांनी १९५२ साली पोलादी पिंपं एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी फळ्यांचा ओटा ठोकला. पिंपांच्या जागी पुढे ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या. ओटा मात्र लाकडाचाच राहिला आणि त्यावर कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून गालिचा आला. भावोजी हा इतिहास सांगतात तेव्हा वीरेस हे नात्यातले वाटू लागतात.

सरकारी मोजणीप्रमाणे या राज्यात दहा एकरांहून मोठी तळी ११,८४२ आहेत. ती वर्षातले चार-पाच महिने गोठलेली असतात. उरलेल्या दिवसांत बोट पाण्यात हवी. पण ताईच्या वस्तीत हिंडलो तेव्हा दिसलं की बऱ्याच बोटी अंगणातच आहेत आणि प्रत्येकीखाली एक निवृत्त गृहस्थ उताणे पडलेले आहेत. नुसते बूट दिसतात. भावोजी त्या जमातीत दोन वर्षांपूर्वी दाखल झाले. कंपनीनं निरोपाचा केक कापला आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरात, लोक बोटी स्वस्तात काढून टाकतात त्या मुहूर्तावर, यांनी ही आणली. स्वस्त का, ते बर्फ वितळल्यावर कळलं. मधोमध पाय टाकला की जमीन खाली जाऊन परत वर येत असे.

गालिचा निघाला तेव्हा त्याखाली तीन गळ, एक नाणं, केसांची पिन आणि एक धडधाकट अळंबी निघाली. वरून उन्हानं वाळणारा गालिचा खालून पाणी धरून ठेवतो आणि त्या पाण्यात प्लायवूड वर्षानुवर्षं मुरत बसतं. भावोजींनी स्क्रू ड्रायव्हर टोचला. शिऱ्यात चमचा जावा तसा तो मुठीपर्यंत गेला. ते मागे सरकले, कमरेवर हात ठेवले, जीभ टाळूला लावून ‘च्च’ केलं आणि म्हणाले, “हे आधी कुणी केलं होतं?”

माझ्या अंगावर काटा आला. हे वाक्य मी ओळखत होतो. पुण्यात माझ्या घरी आलेल्या प्रत्येक सुतारानं, प्लंबरनं आणि टाइलवाल्यानं काम सुरू करण्याआधी हेच वाक्य, याच सुरात म्हटलं होतं. ज्यांच्या तक्रारी भावोजी तीस वर्षं फोनवर ऐकत आले, ते सगळे मिस्त्री एकजुटीनं त्यांच्या अंगात आले होते.

मग मी नीट पाहू लागलो. कानावर पेन्सिल होती. तोंडात ‘सूत’ होतं. “सहा सुती प्लाय लागेल, पाच पाट्या,” असं ते म्हणाले तेव्हा दुकानातला गोरा पोऱ्या माझ्याकडे पाहू लागला. मी ‘पाऊण इंच’ असा अनुवाद केला. त्यानं हिरवट रंगाची, औषध पाजलेली स्वस्त प्लाय दाखवली. भावोजींनी ती बोटानंही शिवली नाही. “त्या औषधात तांबं असतं. खाली ॲल्युमिनियम. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसं ॲल्युमिनियम खाऊन टाकेल.” आणली शेवटी मरीन प्लाय. माझ्या किचन ट्रॉलीवाल्यानं याच नावाच्या शपथा घेतल्या होत्या, म्हणून मला वाटलं, आता सुटलो. तर नाही. मरीन प्लायचा गोंद पाण्यानं सुटत नाही आणि आतल्या थरांत पोकळ जागा नसतात, एवढंच. लाकूड ते लाकूडच, ओलं राहिलं की कुजणार. म्हणून ते सहाही बाजूंनी बंद करायचं. कडा तर तीन-तीनदा, कारण कडेला लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि पाणी तिथूनच पितात. बोल्टाचं भोक आधी मोठं पाडायचं, ते इपॉक्सीनं बुजवायचं आणि त्या बुजवलेल्यात पुन्हा बरोबर मापाचं पाडायचं, म्हणजे बोल्टाला लाकूड दिसता कामा नये. पाडलेलं भोक बुजवून तिथेच परत पाडणाऱ्या माणसाला घरी बसून पेन्शन खाणं कसं जमावं?

इपॉक्सीचा दिवस विसरणं शक्य नाही. दोन डब्यांतले दोन द्रव मापात मिसळले की घड्याळ सुरू होतं. भावोजींनी ते ताईच्या श्रीखंडाच्या डब्यात काठोकाठ कालवलं आणि तेवढ्यात मला ते लावण्यामागचं तत्त्व समजावू लागले. तत्त्व मोठं होतं. डबा आधी कोमट झाला, मग हाताला चटका बसला, मग त्यातून धूर निघाला. पाहतो तो ब्रश आत उभाच्या उभा, दगडात रोवल्यासारखा. ताई चहा घेऊन आली होती. (ती आता त्यांना चहा गॅरेजच्या दारातच आणून देत असे, आणि जुन्या कपातून.) तिनं एकदा त्या समाधीकडे पाहिलं.

“अहो, पाक खोल भांड्यात ठेवून गप्पा मारल्या की हेच होणार. पसरट परातीत ओता. ऊब निघून जाईल.”

त्यांनी वेगळी कारणमीमांसा दिली. पण दुसऱ्या दिवशी परात गायब होती.

राहता राहिली तारीख. ताईनं बोटीतून फिरायला जायचं म्हणून मैत्रिणींना आमंत्रणं दिली होती. आधी मेमोरियल डे ठरला, मेच्या शेवटच्या सोमवारचा. त्या आठवड्यात गारठा पडला आणि गारठ्यात इपॉक्सी वाळत नाही. मग चार जुलै. तेव्हा गोंदाचा माल आला नव्हता. “लेबर डेच्या आधी देतो,” भावोजी म्हणाले. देतो! स्वतःच्या बायकोला! ताई मला आत नेऊन म्हणाली, “आपल्याकडचा सुतार गणपतीआधी देतो म्हणायचा, तेव्हा निदान ॲडव्हान्स अडकवून ठेवता यायचा.”

गालिचा मी घालू नका म्हणत होतो. हल्ली चटईसारखा विणलेला व्हिनाइल मिळतो, पाणी धरत नाही, पुसला की झालं. भावोजींनी ऐकून घेतलं. “उन्हात अनवाणी उभा राहा त्यावर, मग सांग,” म्हणाले. खरं कारण मला वाटतं वेगळं होतं. व्हिनाइल टिकला असता, मग पुन्हा उपटायचं काय?

साडेआठ फूट पन्ह्याचा करडा गुंडाळा आला. दातेरी थापीनं गोंद पसरायचा, तो हाताला चिकचिक लागेपर्यंत थांबायचं आणि मग अर्ध्या बाजूनं उलगडत यायचं. सगळं जमलं. शेवटी पुढच्या दाराशी एक वेगळा तुकडा जोडायचा होता, तोही जमला. उठून लांबून पाहिलं, तर तो तुकडा एका छटेनं काळा. लव उलट्या दिशेनं गेली होती. भावोजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, “वापरात आला की सारखा होईल,” म्हणाले. हेही वाक्य मी ओळखत होतो.

बोट ऑगस्टच्या अखेरीला पाण्यात उतरली. ताई थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन बसली. शेजारचे नॉर्वेजियन वंशाचे आजोबा धक्क्यावर उभे होते. आमच्या बोटीवर आले, टाचेनं दोन ठिकाणी दाबून पाहिलं आणि म्हणाले, “नॉट टू बॅड.” त्या मुलखात याहून मोठी स्तुती करत नाहीत. पुण्यातही ‘वाईट नाही’च्या वर कोण जातं? भावोजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ते आजोबांबरोबर त्यांची बोट बघायला उतरले. “पाच मिनिटांत आलो,” म्हणाले.

आम्ही दोरी बांधलेल्या बोटीत बसून पाहत होतो. आजोबांच्या बोटीवर ते चार पावलं चालले. पाचव्या पावलाला थांबले. एक टाच दाबली. पुन्हा दाबली. कमरेवर हात गेले, ‘च्च’ इथवर ऐकू आलं, आणि मग त्यांनी आजोबांना इंग्रजीत विचारलं, हे आधी कुणी केलं होतं?

“मीच,” आजोबा म्हणाले.

मग दोघंही गुडघ्यावर बसले आणि कोपऱ्यातून गालिचा उचलू लागले.

ताईनं डबा उघडला.